राज्य तत्त्वज्ञाने करावं का? पाटाच्या पाण्यावरून एक उत्तर

अमळनेरच्या एका अभ्यासमंडळातून प्रश्न आला आहे. शास्त्रज्ञाला 'कसं करायचं' एवढंच कळतं. धर्मगुरूकडे उत्तर आधीपासून तयार असतं. मग 'काय करावं आणि का' हे विचारणारा तत्त्वज्ञच राज्य करायला सगळ्यांत लायक नाही का?

प्रश्न अमळनेरला शोभतो. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या देणगीतून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं ते याच गावात. पुढे कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा बंगालचा मोठा तत्त्वज्ञ तिथे येऊन राहिला. बोरी नदीच्या काठावर सखाराम महाराजांचं संस्थानही इथलंच. म्हणजे प्रश्नातले दोन उमेदवार एकाच गावात शेजारी शेजारी नांदलेले.

उत्तर आधी सांगतो: नाही. मात्र त्यासाठी नेहमी जे कारण दिलं जातं, की तत्त्वज्ञ हवेत इमले बांधतो, त्याला व्यवहार कळत नाही, ते फारसं टिकत नाही. सत्ता हाती आलेल्या काही तत्त्वज्ञांनी कारभार बरा केला आहे. अडचण दुसरीकडे आहे.

मुळात ही कल्पना प्लेटोची, आणि तिच्या नावाने बोलणारे बहुतेक जण ती अर्धीच सांगतात. त्याच्या 'रिपब्लिक' या ग्रंथातला अभ्यासक्रम असा: सतरा-अठरापर्यंत संगीत, काव्य आणि व्यायाम. मग वीसपर्यंत सक्तीचं शरीरशिक्षण. त्यातून निवडलेल्यांना वीस ते तीस अशी दहा वर्षं गणित: अंकगणित, भूमिती, घनभूमिती, खगोल आणि स्वरशास्त्र. पुन्हा निवड, आणि तीस ते पस्तीस पाच वर्षं वादविद्या, म्हणजे प्रश्नोत्तरांतून विचार तपासण्याची विद्या. तीसच्या आत वादविद्या द्यायची नाही, कारण कोवळ्या वयात ती हाती लागली की मुलं कुत्र्याच्या पिल्लासारखी दिसेल त्याला फाडत सुटतात, अशी प्लेटोची तक्रार आहे. पस्तिशीनंतर पंधरा वर्षं लष्करातली आणि प्रशासनातली खालची कामं. पन्नाशी गाठल्यावर जे उरतील त्यांनी आळीपाळीने राज्य करायचं, तेही हौस म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून. धुळ्या-जळगावच्या अभ्यासिकांमध्ये वयोमर्यादा मोजत बसलेल्या मुलांनी हे वेळापत्रक एकदा भिंतीवर लावून पाहावं. प्लेटोच्या आयोगात पहिली नेमणूकच पस्तिशीला मिळते.

गाळला जाणारा अर्धा भाग मात्र वेगळाच आहे. या राज्यकर्त्यांना स्वतःची जमीन नाही, घर नाही, सोन्याचांदीला हात लावायचा नाही, खासगी कुटुंब नाही. सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. लोभाचा बंदोबस्त प्लेटोने ज्ञानाच्या भरवशावर सोडलेला नाही, नियमाने केला आहे. 'राज्यकर्ता विद्वान हवा' म्हणणाऱ्याला विचारावं की ही दुसरी अटही मान्य आहे का. बहुतेकदा संभाषण तिथेच संपतं.

तरीही योजनेत एक भोक राहतं. मालमत्तेची बंदी लोभ रोखते, खात्री रोखत नाही. 'मला अंतिम चांगलं काय ते दिसलं आहे' अशी खात्री असलेल्या माणसाला खाली कोणी आणि कसं उतरवायचं, याची सोय त्या पुस्तकात नाही. प्लेटोने स्वतः सिसिली बेटावरच्या सिरॅक्यूझमध्ये तरुण राजा दुसऱ्या डायोनिसियसला घडवायचा प्रयत्न केला, इ. स. पू. ३६७ आणि ३६१ मध्ये. दोन्ही फसले. त्याचा तिथला मित्र आणि अनुयायी डायन याने पुढे सैन्य नेऊन सत्ता घेतली, आणि ३५४ मध्ये त्याच्याच अथेन्सच्या सोबत्याने, कॅलिपसने, कट करून त्याला मारलं. उतारवयात लिहिलेल्या 'लॉज' (कायदे) या ग्रंथात प्लेटो कायद्याच्या राज्यावर येतो: ५,०४० कुटुंबांचं नगर, पदांना मुदत, अधिकाऱ्यांची तपासणी. कल्पनेच्या जनकानेच तिच्यात दुरुस्ती केली, ती तिचा अनुभव घेऊन.

खरोखर राज्य केलेले तत्त्वज्ञ पाहू. फॅलेरमचा डिमिट्रियस हा ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला विद्वान. मॅसिडोनियाच्या वतीने त्याने इ. स. पू. ३१७ ते ३०७ अशी दहा वर्षं अथेन्स चालवलं. कारभार सुरळीत होता. अंत्यविधीवरच्या उधळपट्टीवर त्याने बंधनं घातली. मात्र मताचा हक्क मालमत्तेवर ठरत होता आणि त्याला बदलण्याचा अधिकार अथेन्सकरांकडे नव्हता. त्याचे शेकडो पुतळे उभे होते असं सांगतात; तो पळाला तसे ते पाडले गेले. मार्कस ऑरेलियसने १६१ ते १८० या काळात रोमचं साम्राज्य साथीतून आणि युद्धांतून सांभाळलं. एवढा विचारी माणूस, पण १७७ मध्ये त्याने मुलाला, कमोडसला, सहसम्राट केलं, आणि तो पुढे जुलमी निघाला. तिसरं उदाहरण विसाव्या शतकातलं. प्रागमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारे टोमाश मासारिक १९१८ ते १९३५ चेकोस्लोव्हाकियाचे राष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांची कारकीर्द या तिघांत सगळ्यांत चांगली मानली जाते. त्यांना संसदेने निवडलं होतं, पुन्हा पुन्हा निवडावं लागत होतं, आणि १९२० च्या राज्यघटनेने त्यांचे हात बांधलेले होते. डिमिट्रियस आणि मासारिक यांच्यातला फरक तत्त्वज्ञानाच्या दर्जाचा नाही. मासारिकना खाली उतरवता येत होतं, डिमिट्रियसला नाही. आपल्याकडे राधाकृष्णन १९६२ ते १९६७ राष्ट्रपती होते. ते पद बहुतांशी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतं, म्हणून त्यांचं नाव या वादात पुरावा म्हणून फारसं उपयोगाचं नाही.

आता उरलेले दोन उमेदवार. दोघांची चूक एका साच्याची नसते, हे लक्षात घेतलं पाहिजे.

शास्त्रज्ञ चुकतो तो मोजमापात क्वचित. त्याला उद्दिष्ट दिलेलं असतं आणि ते तो तपासत नाही. चीनमध्ये क्षेपणास्त्रांच्या नियंत्रणशास्त्रातला तज्ज्ञ सोंग जियान याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस लोकसंख्येची गणितं मांडली आणि १९८० च्या एक-मूल धोरणाला त्यांचा मोठा आधार मिळाला. क्षेपणास्त्राला आपल्या मार्गाबद्दल मत नसतं. बाईला असतं. जन्मदर हा आकडा गणितात घेतला गेला, पण तो खाली आणण्यासाठी कोणाच्या शरीरावर किती जबरदस्ती चालेल, हा प्रश्न समीकरणात नव्हताच. २०१५ अखेर ते धोरण मागे घ्यावं लागलं, तोवर पस्तीस वर्षं गेली होती.

धर्मगुरूची अडचण वेगळी. त्याचं उद्दिष्ट ठरलेलं असतं आणि ते बदलण्याचा अधिकार माणसांकडे आहे असं तो मानत नाही. इराणची घटना इथे नीट वाचण्यासारखी आहे. सर्वोच्च नेता निवडायची जबाबदारी ८८ जणांच्या तज्ज्ञसभेवर. या सभेला लोक मतदान करतात, पण उमेदवार कोण असावेत हे १२ जणांची पालक परिषद ठरवते. त्या बारांतले सहा धर्मशास्त्री नेता नेमतो. उरलेल्या सहा कायदेतज्ज्ञांची नावं न्यायव्यवस्थेचा प्रमुख सुचवतो, आणि तो प्रमुखही नेत्यानेच नेमलेला. पाट फिरून पुन्हा त्याच विहिरीत येतो. ही रचना ज्यांच्या विचारातून आली ते पहिले सर्वोच्च नेते खोमेनी इराणमधल्या कुम शहरात तत्त्वज्ञानही शिकवत असत. 'धर्मगुरू नको, तत्त्वज्ञ हवा' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की हे दोघे एका अंगरख्यात मावतात.

तत्त्वज्ञाच्या चुकीची जात याहून अवघड. पूल पडला की अभियंत्याची चूक दिसते. व्रत मोडलं तरी लोकांना कळतं. तत्त्वज्ञाची योजना फसली की तिचं स्पष्टीकरण द्यायला त्याच्याइतका समर्थ दुसरा कोणी नसतो. त्याच्या धंद्याचं कौशल्यच ते आहे. त्यामुळे तिघांतून एकाला निवडायची सक्ती झाली तर माझं मत शास्त्रज्ञाला, पुढच्या निवडणुकीची तारीख ठरलेली असेल तर. त्याची चूक निदान लवकर उघडी पडते.

आता हे सगळं खानदेशात आणून पाहू, कारण तिघांची कामं कुठे वेगळी होतात ते पाण्याच्या वाटपात जितकं स्वच्छ दिसतं तितकं ग्रंथांत दिसत नाही.

गिरणा धरणात पावसाळ्याअखेर किती पाणी आहे, हा शास्त्राचा प्रश्न. उपयुक्त साठा पूर्ण भरला तर सुमारे १८,५०० दशलक्ष घनफूट. त्यातून बाष्पीभवन किती वजा, कालव्यातली गळती किती, गहू-हरभऱ्याला किती आवर्तनं (पाणी सोडायच्या पाळ्या) पुरतील, हे अभियंता सांगतो आणि त्याने चोख सांगावं. पण आधी चाळीसगाव-मालेगावचं पिण्याचं पाणी राखून ठेवायचं, मग उरलेलं शेतीला, हा क्रम त्याच्या मोजपट्टीतून आलेला नाही. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग होते आणि शेती तिसरी. २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आणली गेली. त्या आठ वर्षांत पावसाचं शास्त्र बदललं नव्हतं, तापी उलटी वाहू लागली नव्हती. बदललं ते 'कोणाचा हक्क आधी' याचं उत्तर, आणि ते बदललं लोकांनी निवडून दिलेल्यांवर दबाव आल्यामुळे.

यावल-रावेरची केळी घ्या. केळीला वर्षाला साधारण १,८०० ते २,००० मिलिमीटर पाणी लागतं. जिल्ह्याचा पाऊस सातशेच्या आसपास. फरक जमिनीखालून उपसला जातो आणि पातळी खोल जाते. इथवर भूजलतज्ज्ञाचा शब्द शेवटचा. पण सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, हा १९९३ च्या कायद्यातला नियम फक्त भूगर्भशास्त्राचा नव्हता. कातळ पाहून अंतर काढलं असतं तर बेसॉल्टात एक आकडा आला असता आणि तापीच्या गाळात दुसरा. पाचशे हा एकच आकडा ठेवला की तो सगळीकडे लागू करता येतो आणि तलाठ्याला टेप लावून मोजता येतो. त्याच्या मागचं तत्त्व, शेजाऱ्याची घागर माझ्या केळीच्या घडापेक्षा मोठी, हे नैतिक आहे. तत्त्वज्ञाचं काम हे दोन भाग सुटे करून दाखवणं. कुठला भाग पुरावा आल्यावर बदलावा आणि कुठला मत बदलल्यावर, हे एकदा कळलं की निम्मी भांडणं निवळतात. उरलेली निम्मी खरी असतात; ती मतदानानेच सुटतात.

आणि कीर्तनकार? त्याचं या कामात मोठं स्थान आहे, ते नाकारण्यात शहाणपण नाही. माळ घातलेला माणूस शब्द पाळतो, निदान पाळायला लाजतो. गावाने ठरवलेला नियम रात्री कोणी पाहत नसताना पाळला जातो तो अशा धाकाने. पण नियम ठरवायला त्याला बसवलं तर तो दुरुस्त कसा करायचा, हे विचारणंच पाप होऊन बसतं.

शहाण्या माणसाशिवाय शहाणा निर्णय कसा होतो याचा आपला जुना नमुना धुळे जिल्ह्यातली फड पद्धत. पांझरेवर आणि तिच्या आसपासच्या नद्यांवर बंधारे, त्यातून निघणारे पाट, आणि खालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. यंदा उसाचा फड, पुढच्या खेपेला दुसऱ्या पिकाचा. मुख्य युक्ती अशी की शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसून वेगवेगळ्या फडांत पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेली. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली तर झळ सगळ्यांना थोडी थोडी बसते, कोणी एकटा बुडत नाही. पाणी देणारा पाटकरी, देखरेखीला हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि वर लाभधारकांनी निवडलेले पंच. पाटकरी फार विचारवंत असावा अशी अपेक्षा कोणी केली नाही. त्याने वाटेल त्याला पाणी देऊ नये अशी रचना केली. न्याय त्याच्या स्वभावावर न ठेवता पट्ट्यांच्या वाटणीत घातला.

ही पद्धत ढिली पडली ती पंच मूर्ख निघाले म्हणून नव्हे. वरच्या बाजूला धरणं झाली आणि नदीचा वाहता प्रवाह बंधाऱ्यापर्यंत पुरेना. ज्याच्या शेतात विहीर आणि मोटर आली त्याला फडाची शिस्त पाळायची गरज उरली नाही. आणि ज्याला गरज नाही तो पंचांच्या बैठकीला येत नाही. आजच्या पाणीवापर संस्थांच्या २००५ च्या कायद्यात हाच धागा निराळ्या रूपात आहे: संचालक मंडळात कालव्याच्या मुखाकडचे, मधले आणि शेपटाकडचे असे तिन्ही भागांचे प्रतिनिधी. टेलच्या शेतकऱ्याला न्याय कळावा म्हणून हेडच्या शेतकऱ्याला तत्त्वज्ञान शिकवत बसण्यापेक्षा टेलचाच माणूस मंडळावर घेणं स्वस्त पडतं. ॲरिस्टॉटलने आपल्या गुरूला, प्लेटोला, दिलेलं उत्तर याच वळणाचं होतं: जेवण कसं झालं हे आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याला जास्त कळतं.

मग तत्त्वज्ञाला बसवायचं कुठे? कौटिल्याने याची मांडणी नेमकी केली आहे. आन्वीक्षिकी, म्हणजे तर्काने तपासण्याची विद्या, त्याने सगळ्या विद्यांचा दिवा म्हटली आणि राजपुत्राच्या चार विद्यांत घातली. तत्त्वज्ञाला गादी दिली नाही, गादीवरच्याला तत्त्वज्ञान शिकायला लावलं. सल्ल्याला तीन किंवा चार मंत्री असावेत, असंही तो सांगतो. एकच असला तर तो मनमानी करतो, दोघे असले तर संगनमत करतात, जास्त झाले तर निर्णयही होत नाही आणि गुपितही राहत नाही. सल्लागार समिती नेमणाऱ्यांनी हा हिशोब आजही वापरावा. पंचवीस जणांची समिती ही बहुधा काहीच न ठरवण्यासाठी नेमलेली असते.

गावपातळीवर हे प्रत्यक्षात आणायचं असेल तर ठरावाच्या कागदापासून सुरुवात करावी. विहिरींवर बंधन घालायचा ठराव आहे असं समजा. नेहमी तो एका वाक्यात लिहिला जातो: 'पाणीटंचाई लक्षात घेता बंदी घालण्यात यावी, सर्वानुमते मंजूर.' असा ठराव पुढच्या वर्षी कोणालाच तपासता येत नाही. त्याऐवजी चार भाग करून लिहावेत. पहिल्यात आकडे: कोणत्या विहिरीची पातळी, कोणत्या महिन्यात, कोणी मोजली. दुसऱ्यात कोणाला आधी धरलं आणि का: माणसं, गुरं, उभं पीक, नवं पीक, या क्रमाने की आणखी कसं. तिसऱ्यात निर्णय, मुदत आणि दंड. चौथ्यात विरोध करणाऱ्यांची कारणं, नावांसह नसली तरी चालतील, पण त्यांच्याच शब्दांत. तत्त्वज्ञाची गरज दुसऱ्या भागात लागते. तिथे बसलेल्या माणसाने एकच काम करायचं: 'हा क्रम उलटा लागला असता आणि नुकसान तुमचं झालं असतं, तरी हे कारण तुम्हाला पटलं असतं का?' हे प्रत्येक बाजूला विचारायचं. हे निवृत्त शिक्षक करू शकतो, बचत गटाची अध्यक्ष करू शकते. पदवी लागत नाही. फक्त तिचा किंवा त्याचा त्या विहिरींत हिस्सा नसावा, आणि मताच्या वेळी त्याचं मत एकच मोजावं.

बिघडतं ते बहुधा गणपूर्तीपाशी. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मुरलेले पुढारी हे जाणून असतात. पहिली सभा केळीच्या कापणीच्या दिवशी लावायची, तहकूब करायची, आणि दुसरीत वीस-पंचवीस जणांत हवा तो विषय उरकायचा. वाटप कितीही तत्त्वनिष्ठ लिहा, या दारातून सगळं बाहेर जातं. म्हणून पाण्याचा विषय असेल तर सभेची वेळ ठरवतानाच भांडावं: मजुरी सुटल्यानंतरची संध्याकाळ, बाजाराचा दिवस सोडून, आणि आदिवासी वस्तीवर आदल्या दिवशी दवंडी.

पुनर्विचाराची तारीख ठरावातच लिहावी. ती पाडव्याची किंवा 'पुढील वर्षी' अशी मोघम नको. ऑक्टोबरअखेरची धरावी, कारण पावसाळा संपल्यानंतरची निरीक्षण विहिरींची पातळी तोवर भूजल विभागाकडून मिळते आणि रब्बीची पेरणी अजून पूर्ण झालेली नसते. त्या बैठकीत मागच्या ठरावाचा पहिला भाग आधी वाचायचा, आकडे चुकले असतील तर ते बदलायचे, आणि त्यानंतरच दुसऱ्या भागाला हात घालायचा.